मास्तर अजून लॉग-इन आहेत

३ फेब्रुवारी, सोमवार

मोठं काम हाती घेतलं की नोंद ठेवावी, म्हणून ही रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही.

काम असं. आमच्या रक्तपेढीचा डेटाबेस जुन्या व्हर्जनवर चालतो. सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे जगभरची हौशी मंडळी घरी बसून ते बनवतात आणि फुकट वाटतात. त्यांनी जाहीर केलंय की या व्हर्जनचं आता 'एंड ऑफ लाइफ'. यापुढे दुरुस्ती नाही, विचारपूस नाही. आपलं आपण बघा.

हे जुनं व्हर्जन मास्तरांनी बसवलेलं. मास्तर म्हणजे माझ्या आधीचे इथले कॉम्प्युटरवाले. अख्ख्या स्टाफला टायपिंग त्यांनी शिकवलं, म्हणून मास्तर. गेल्या वर्षी वारले. मी तेव्हा वर हॉस्पिटलच्या ऑफिसात होतो, आता त्यांच्या जागी. डेटाबेस विभागप्रमुख. विभागात सध्या मी एकटाच आहे, त्यामुळे निर्णय पटापट होतात.

नवी सिस्टिम मी स्वतः उभी केली आहे, नव्या व्हर्जनवर. सगळे रक्तदाते जुन्यातून नव्यात आणून झाले. मॅडमनी (आमच्या मुख्य डॉक्टर) विचारलं, सगळं आलं ना? मी म्हटलं, थेंबही सांडलेला नाही. रक्तपेढीत हे वाक्य किती चपखल! मॅडम हसल्या नाहीत, पण त्या घाईत होत्या.

शुक्रवारी जुनं बंद. नक्की.

५ फेब्रुवारी, बुधवार

स्टाफला ट्रेनिंग दिलं. उत्कृष्ट झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सीनियर टेक्निशियन ताईंनी एकच प्रश्न विचारला: जुन्यात प्रत्येक रक्तदात्यापुढे 'शेरा' असा रकाना होता, तो इथे दिसत नाही. मी समजावून सांगितलं की तो रकाना मुद्दाम काढला आहे. मास्तर त्यात वाट्टेल ते लिहून ठेवायचे. आधुनिक सिस्टिममध्ये गप्पांना जागा नसते. नाव, गट, फोन, बास.

ताई म्हणाल्या, "बरं."

इतका सहकार्य करणारा स्टाफ मी कुठे पाहिला नाही. शेवटी जाहीर केलं की यापुढे जुन्या सिस्टिमला कुणी हात लावला तर लेखी कारण द्यावं लागेल. पुन्हा सगळ्यांनी माना डोलावल्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बंद करण्याआधी सहज बघितलं, जुन्यावर कुणी आहे का. नियम म्हणून.

एक जण होता. मास्तर.

म्हणजे नाव मास्तरांचं. लॉग-इन दुपारचं, आजचं.

घाबरण्याचं कारण नाही. जुनं सेशन अडकून राहिलं असेल. ते तोडलं. पाणी प्यायलो. पुन्हा बघितलं. मास्तर परत आलेले.

जुनं मशीन बंद करणं सोमवारवर ढकललं. शुक्रवारी असली कामं करू नयेत, हे कुणीही जाणकार सांगेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज हाफ डे. मास्तर हजर होते. माझ्या आधी आले होते.

जुनं मशीन मागच्या छोट्या खोलीत आहे, रक्ताच्या पिशव्यांच्या फ्रिजना लागून. सतत घुं घुं आवाज. स्पिरिटचा वास. मास्तरांची खुर्ची अजून तिथेच, एक चाक तुटलेली. आत जाऊन तपासणार होतो, पण त्या खोलीत गारठा असतो आणि माझा घसा जरा धरला आहे. दारातून बघितलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. खुर्चीचं तोंड दाराकडे होतं. काल भिंतीकडे होतं.

झाडूवाल्या मावशींनी हलवली असणार. विचारलं. त्या म्हणाल्या, शनिवारी त्या खोलीत मी जात नाही.

मी अंधश्रद्धाळू नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

शास्त्रीय मार्ग धरला. डेटाबेस बनवणाऱ्या मंडळींना सविस्तर मेल टाकली: वापरणारा मनुष्य हयात नसताना त्याचं अकाउंट स्वतःहून काम करू शकतं का? जुन्या व्हर्जनमध्ये असा काही दोष ठाऊक आहे का?

संध्याकाळच्या आत उत्तर. कुणीतरी लिहिलं होतं: "नाही. कुणीतरी त्यांचा पासवर्ड वापरतंय. आणि कृपया अपग्रेड करा."

भली माणसं आहेत, पण इतक्या लांबून त्यांना इथली परिस्थिती काय कळणार? आमच्याकडे सगळ्यांना लेखी कारणाची अट घातलेली आहे. कोण वापरेल?

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मास्तरांवर नजर ठेवली. माझ्या जागेवरून, स्क्रीनवर. ते काय शोधतात ते ओळीओळीने दिसतं.

सकाळी बी पॉझिटिव्ह. मग एका बाईंचं पान उघडलं, बराच वेळ उघडं ठेवलं. मग ओ निगेटिव्ह. मग थांबले. मी घड्याळ बघितलं तर चहाची वेळ. चहा झाल्यावर पुन्हा सुरू.

मास्तर हयात असतानाही चहाला असेच उठायचे म्हणे. हातातलं सगळं टाकून.

अंगावर काटा आला. घशाचाच प्रकार असावा. मफलर गुंडाळून बसलो. ताई विचारायला आल्या, बरं वाटत नाहीये का? आणि माझ्या स्क्रीनकडे बघून एकदम निघून गेल्या. त्यांनाही दिसलं असणार. बिचाऱ्या घाबरल्या. स्टाफमध्ये भीती पसरू नये म्हणून यापुढे स्क्रीन तिरका ठेवायचा.

चांगली बातमी: नव्या सिस्टिममध्ये नोंदी जोरात वाढतायत. रोज संध्याकाळी एकदम. लोकांना आवडते आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हिला सांगितलं. सांगणार नव्हतो, पण झोपेत बडबडलो म्हणे.

हिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो माणूस मेल्यावरही वेळेवर कामाला येतो, आणि तुम्ही रविवारी भाजी आणायला उठत नाही."

विषय तिथेच संपवला. घरी तांत्रिक चर्चा करू नये.

ठरवलं: रविवारी लवकर उठणार. व्यायाम. भाजी. मग थंड डोक्याने योजना.

१६ फेब्रुवारी, रविवार

घसा. उठलो नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मूळ शोधल्याशिवाय इलाज नाही. मास्तरांच्या घरी कॉम्प्युटर असेल, तो चालू राहिला असेल, त्यातून हे होत असेल. तपासणीला त्यांच्या घरी गेलो. ऑफिसची काही वस्तू राहिली आहे का, असं निमित्त केलं.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. काकूंनी (मास्तरांच्या पत्नी) ओळखलं नाही, पण ऑफिसचं नाव घेताच आत बोलावलं. बैठकीच्या खोलीत खिडकीशी आरामखुर्ची, पाठीवर राखाडी स्वेटर तसाच टाकलेला. मी त्या खुर्चीत बसणार होतो. काकू घाईने म्हणाल्या, "इकडे बसा, इकडे."

कॉम्प्युटर नव्हता. कधीच नव्हता. दिवसभर त्याच डबड्याकडे बघून येतो, घरी कशाला, असं म्हणायचे. म्हणजे मास्तर घरून येत नाहीत. हे कळून मला बरं वाटायला हवं होतं.

काकूंनी चहा ठेवला. विचारलं, तिकडे त्यांचं नाव काढतात का कुणी?

माझ्या तोंडून निघून गेलं, "रोज येतात."

त्यांच्या हातातली बशी वाजली. मी लगेच सावरलं, म्हणजे आठवण. आठवण रोज येते. सगळ्यांना. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मला अजून अर्धा कप ओतला. निघताना म्हणाल्या, त्यांचं काम नीट चालू ठेवा हो.

मी हो म्हटलं. जिना उतरताना वाटलं, वर दारात अजून कुणीतरी उभं आहे. वळून बघितलं नाही. गुडघा दुखत असताना जिन्यावर वळू नये असं डॉक्टरांनी सांगितलंय.

तपासणी पूर्ण. निष्कर्ष: घरून नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुरे झालं. आज मास्तरांचं अकाउंटच काढून टाकलं. एक ओळ लिहिली, एंटर दाबलं. गेले.

एवढं सोपं होतं! उगाच इतके दिवस घालवले. मशीन उद्या बंद करतो, आज मास्तरांना जरा शांतपणे जाऊ दे. मागच्या खोलीच्या दारात उभं राहून हात जोडले. कुणी बघत नव्हतं.

हलकं वाटलं. जाताना सगळ्यांना चहा मागवला. ताईंनी चहा घेतला नाही. त्या आपल्या कॉम्प्युटरपुढे बसून पुन्हा पुन्हा काहीतरी टाइप करत होत्या. कीबोर्ड खराब झाला असेल. नवा मागवू.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

घडलं तसं लिहितो. हात अजून नीट नाही.

सकाळी वरच्या वॉर्डात एका बाईची प्रसूती झाली. बाळ ठीक. आईचा रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह. आपल्या फ्रिजमध्ये होत्या तेवढ्या पिशव्या वर गेल्या. अजून लागणार होत्या. तिचा नवरा आमच्या काउंटरसमोर उभा होता, हातात बाळंतिणीच्या चपला. का आणल्या होत्या कुणास ठाऊक. खाली ठेवायलाही तयार नव्हता.

मी म्हटलं, हीच नव्या सिस्टिमची परीक्षा! ओ निगेटिव्हची यादी क्षणात काढून दिली. त्यात एक नाव ओळखीचं वाटलं, पण घाईत लक्ष दिलं नाही. ताई आणि मॅडम फोन लावायला बसल्या. एक नंबर बंद. एक वाजत राहिला. एक जण म्हणाला, आज जमणार नाही. एक बाई, आवाजावरून म्हाताऱ्या, नुसत्या विचारत राहिल्या की काय झालं माझ्या मुलाला, काय झालं. आणि रडायला लागल्या.

ताईंनी फोन ठेवला. उठून माझ्यासमोर आल्या. म्हणाल्या, "सर, मास्तरांना परत आणा."

मी म्हटलं, ताई, तुम्हीपण घाबरू नका, ते आता...

"सर, आम्हीच आहोत ते!" त्या ओरडल्या. "आम्ही सगळे. मास्तरांचा पासवर्ड सगळ्यांना पाठ आहे. आत्ता परत आणा."

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, लवकर.

अकाउंट परत बनवलं. पासवर्ड जुनाच ठेवायचा होता, तो मला माहीत नव्हता. ताईंनी सांगितला. मास्तरांच्या मोटारसायकलचा नंबर होता. तीन वेळा चुकीचा टाइप केला, मग ताईंनी कीबोर्ड ओढून घेतला.

जुनी यादी उघडली. तीच नावं, तेच नंबर. पण प्रत्येकापुढे शेरा. वाजत राहणाऱ्या नंबरापुढे मास्तरांनी लिहिलं होतं: "कामावर असताना फोन उचलत नाही. समोरच्या सायकलच्या दुकानात सांगावे, ते हाक मारतात." 'आज जमणार नाही'पुढे: "पहिल्यांदा नाहीच म्हणतो. बहिणीला फोन करा, ती घेऊन येते." आणि त्या रडणाऱ्या बाईंच्या नंबरापुढे: "फोन आई उचलते. आधी 'तुमचा मुलगा सुखरूप आहे' हे सांगावे, मग काम."

सायकलच्या दुकानातून निरोप गेला. तो माणूस हातावरचं ग्रीस पुसत आला. पाठोपाठ एक बहीण भावाला दंडाला धरून घेऊन आली. मॅडमनी दुसऱ्या रक्तपेढीलाही फोन लावून ठेवला होता, पण तिथून गाडी यायला वेळ होता. अजून एक माणूस मिळाला तर बरं, त्या म्हणाल्या.

ताई यादी खाली सरकवत होत्या. एका नावावर थांबल्या आणि स्क्रीन जरा वळवला. माझ्यापासून पलीकडे. मी वाकून बघितलं.

नाव माझं होतं. इथे नोकरीला लागताना सगळ्यांनीच नाव नोंदवलं होतं, मीही उत्साहात नोंदवलं होतं. त्यानंतर दोनदा बोलावलं होतं, दोन्ही वेळा मला नेमकी मीटिंग होती. शेरा असा:

"आपल्याच ऑफिसचे. येतो म्हणतात, सुई बघून जातात. गर्दीच्या दिवशी बोलावू नये, सावरायला एक माणूस अडकतो. स्वभावाने वाईट नाहीत. पुन्हा विचारून बघावे."

काउंटरवरून तो नवरा बघत होता.

ताईंनी हळूच विचारलं, "सर, विचारू का?"

कॉटवर आडवा झालो. डोळे मिटून घेतले. ताई म्हणाल्या, हात सैल सोडा, दुसरीकडे बघा, काहीतरी बोला. मी त्यांना विचारलं, मग रोज संध्याकाळी नव्या सिस्टिममध्ये एकदम नोंदी कशा वाढत होत्या? त्या म्हणाल्या, दिवसभराचं सगळं जाताना तिकडेही भरत होतो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

त्यानंतरचं आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा पाय उशीवर होते आणि झाडूवाल्या मावशी पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. पिशवी अर्धीच भरली होती. अर्धी पिशवी रुग्णाला देता येत नाही, टाकून द्यावी लागते.

तोवर दुसऱ्या रक्तपेढीची गाडी आली होती. तपासण्या होऊन पिशव्या वर गेल्या. संध्याकाळी रक्तस्राव थांबला. बाई वाचली. तिचा नवरा खाली येऊन सगळ्यांचे हात हातात घेत सुटला. माझेही घेतले. मी काही सांगितलं नाही.

तांत्रिकदृष्ट्या मी आता रक्तदाता आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शेऱ्याचा रकाना नव्या सिस्टिममध्ये आणतोय. मॅडमनी सांगितलं म्हणून नाही. माझ्या मनात मुळात तेच होतं, दुसऱ्या टप्प्यात.

मशीन एका झटक्यात आणतं, पण जुनी अक्षरं मधेच प्रश्नचिन्हं होतात, त्यामुळे प्रत्येक शेरा वाचून दुरुस्त करावा लागतो. दिवसभर मास्तर कानात बोलत असतात. "सुई डाव्या हाताला. उजव्याने चित्रं काढतो." "नवरा गेल्यापासून येत नाहीत. रक्तासाठी नाही, तशीच चौकशी करावी." "हिला गंमत सांगावी, म्हणजे लक्ष जाणार नाही." काही ठिकाणी नुसतं "वारले", आणि तारीख. त्याही माणसांची नावं त्यांनी काढली नव्हती.

दुपारी मागच्या खोलीत जाऊन बसलो. त्याच खुर्चीत. गारठा वाटला नाही. तिचं एक चाक तुटल्यामुळे ती आपोआप दाराकडे फिरते. हेही कळलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज माझं नाव आलं. विभागप्रमुख म्हणून शेरा बदलण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. कर्सर तिथे ठेवला. "सुई बघून जातात" एवढं तरी जावं.

पण खाली अजून एक ओळ होती, नवी, ताईंनी टाकलेली: "२१ तारखेला स्वतःहून आडवे झाले. अर्धी दिली. पुढच्या वेळी आधी खायला घालावे."

पुढच्या वेळी म्हणे!

तसंच राहू दिलं. वेळ नव्हता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जुनं व्हर्जन आज निवृत्त. सगळ्यांना कळवलं होतं की दुपारी चहानंतर मागच्या खोलीत यावं, दोन शब्द बोलणार आहे. भाषण तयार होतं, मास्तरांवर. पण आज बाहेर रक्तदान शिबिर, निम्मा स्टाफ तिकडे, उरलेले पिशव्यांवर लेबलं लावण्यात. काकूंनाही बोलावणार होतो. उद्या-परवा करता करता राहून गेलं.

एकटाच होतो. भाषणातलं पहिलं वाक्य म्हटलं, पुढचं सुचेना. शेवटचं एकदा बघितलं, जुन्यावर कोण आहे. मास्तर. ताईंनी सकाळचं सेशन बंद केलं नसणार. माहीत होतं, तरी थांबलो. मी म्हटलं, मास्तर, येतो मी. मग वाटलं, जाणारे ते, मी काय येतो म्हणतोय.

बंद केलं. हिरवा दिवा विझला. घुं घुं तशीच चालू. ती फ्रिजची होती.

जागेवर येऊन नव्या सिस्टिमवर कोण कोण आहे ते उघडलं. ताई होत्या. काउंटरवरच्या बाई होत्या. मॅडम होत्या, मग गेल्या. मी वाट बघत बसलो. कशाची, ते मला विचारू नये. बाहेर उन्हं उतरली. यादीत ते नाव आलं नाही. येणार नव्हतंच, नव्यात ते अकाउंट मी बनवलेलंच नाही.

मग दिसलं की यादीत मीही नाही. पाच मिनिटं कशाला हात लावला नाही की नवी सिस्टिम माणसाला बाहेर काढते. सुरक्षेसाठी. नियम माझाच.

पॅसेजमधून ताईंचा आवाज आला. त्यांच्याही स्क्रीनवर दिसलं असणार.

"सर, गेलात का?"

मी ओरडून सांगितलं, आहे, आहे, इथेच आहे. पण घसा अजून पुरता सुटलेला नाही. ऐकू गेलं नसावं. ताईंनी पॅसेजचा दिवा बंद केला आणि त्या गेल्या.

मी थोडा वेळ तसाच बसलो. मग लॉग-इन केलं.